डोकं जड झालं की गोळी?

एका वाचक ताईंचं पत्र:

"नमस्कार डॉक्टर. माझं वय ५१. गोव्यात डिचोली तालुक्यात राहते. घरात आम्ही चौघं: मी, मिस्टर, मुलगा आणि सासूबाई. दीड वर्षापूर्वी देवळाच्या सभागृहात आरोग्य शिबिर होतं. शेजारणींबरोबर सहज गेले, तर बीपी १६४/९८ निघाला. पुढं आरोग्य केंद्रात दोनदा तपासला, साधारण तेवढाच. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. दोन महिने घेतली, १२६/८० आला, म्हणून बंद केली. आता डोकं जड झालं किंवा मान धरली की घेते. घेतली की बरं वाटतं. रोज घ्यायला नको वाटते, कारण तेव्हा पायांवर सूज यायची. सासूबाई म्हणतात, एकदा लागली की जन्माची लागते. मुलानं मशीन आणलंय. त्यात संध्याकाळी १५०, पाच मिनिटांनी १३८, रात्री १६१. खरा कुठला धरायचा? मिस्टरांचा ट्रक खाणीवर होता. २०१८ पासून घराची घडी विस्कटली. त्या टेन्शननंच हे मागं लागलं असं मला वाटतं. कोणी लसूण खा म्हणतं, कोणी शेवग्याचा पाला. मीठ सोडा म्हणतात, पण पेज नि खारें सोडलं तर आमच्याकडे जेवण ते काय उरतं? चतुर्थी तोंडावर आली आहे. काय करू?"

ताई,

तुम्ही बरंच काही विचारलंय आणि सगळ्याची उत्तरं देते. पण 'आता डोकं जड झालं किंवा मान धरली की घेते' या वाक्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, म्हणून सुरुवात तिथून.

वाढलेला बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. शिबिराच्या दिवशी तुमचा १६४ होता, आणि तुम्हीच लिहिता की शेजारणींबरोबर सहज गेला होतात. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, सकाळपासून घरातली सगळी कामं उरकून गेला असाल. तो आकडा त्या दिवशी यंत्रानं सांगितला म्हणून कळला, नाहीतर आणखी दोन-चार वर्षं कळला नसता. उलट डोकं जड व्हायला शंभर कारणं असतात. रात्री झोप झाली नाही, उन्हातून चालत आलात, चष्म्याचा नंबर बदलला, दुपारचं जेवण चारला झालं, विहिरीवरून कळशी आणताना मान अवघडली. यातल्या कशाचाही बीपीशी संबंध असेलच असं नाही. म्हणून डोक्यावरून बीपीचा अंदाज बांधू नका. डोकं हलकं आहे त्या दिवशीही तो १६० असू शकतो.

मग गोळी घेतली की बरं का वाटतं? तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही. पण पायांवर सूज आली म्हणता, त्यावरून ती अ‍ॅम्लोडिपिन असावी असा माझा कयास आहे. आपल्याकडे सुरुवातीला बऱ्याच जणांना हीच देतात. ही गोळी अगदी सावकाश चढते. पोटात गेल्यावर तिचं रक्तातलं प्रमाण वरच्या पातळीला यायला सहा ते बारा तास लागतात, आणि पूर्ण परिणाम दिसायला ती आठवडाभर तरी रोज घ्यावी लागते. तेव्हा गोळी घेतल्यावर तासाभरात जे डोकं उतरलं, ते तिच्यामुळं उतरलेलं नाही. तुम्ही हातातलं काम ठेवलंत, पेलाभर पाणी प्यायलात, जरा टेकलात, त्यानं उतरलं. श्रेय मात्र गोळीला गेलं. आणि पुढचे आठ-दहा दिवस डोकं दुखलं नाही म्हणून गोळी नाही. त्या दिवसांत बीपी मोकाटच.

तो मोकाट असताना दुखत-खुपत काही नाही, पण त्याचं काम चालू असतं. नसांच्या आतलं अस्तर खरबरीत होत जातं, हृदयाला रोज जास्त जोरानं पंप करावं लागतं म्हणून त्याची भिंत जाड होते, मूत्रपिंडांतल्या बारीक गाळण्या खराब होतात, डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो. याची पहिली खबर कित्येकदा एकदम पक्षाघाताच्या रूपानंच येते. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही, कारण याची दुसरी बाजू फार दिलासा देणारी आहे. वरचा आकडा नुसता १० नं खाली आणून तिथं टिकवला, तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाव हिश्शानं कमी होतो. रोजच्या एका स्वस्त गोळीनं एवढं साधणारे आजार फार थोडे आहेत.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते. १२६/८० आला तेव्हा तुम्हाला वाटलं, बरं झालं, संपलं. तुमच्या जागी बहुतेकांना असंच वाटतं. पण तो १२६ गोळीनं आणलेला होता. खाजन शेतीची मानस, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधातली पाण्याची झडप, तुम्ही पाहिली असेल. भरतीला तिची दारं मिटलेली असतात म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. शेत कोरडं दिसलं म्हणून कोणी मानस उपटून टाकत नाही, कारण पुढची भरती यायचीच असते. गोळीचं तसंच आहे. तिची सवय लागत नाही, ती अंगात भिनत नाही, ती घेतल्यानं आजार वाढत नाही. बीपी वाढण्याची प्रवृत्ती शरीरात राहते, म्हणून गोळी चालू ठेवावी लागते. सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. पण दोष गोळीच्या माथी मारू नका. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं नियमित झालं की काहींचा डोस कमी करता येतो, थोड्यांची गोळी बंदही होते. ते मात्र डॉक्टरांनी, वहीतले आकडे बघून, हळूहळू करायचं.

म्हणून पहिलं काम हे: या आठवड्यातच डिचोली किंवा साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. जुना कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या. आणि डॉक्टरांना खरं सांगा की गोळी मध्येच बंद केली होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या दवाखान्यातही बायका लाजून 'हो, रोज घेते' म्हणतात. मग डॉक्टर यंत्रावर १६० बघतात, त्यांना वाटतं ही गोळी पुरत नाही, आणि ते डोस वाढवतात किंवा दुसरी जोडतात. पुढं तुम्ही घरी जाऊन दोन्ही मनापासून घेऊ लागलात तर बीपी एकदम खाली येतो, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते. खोटं बोलल्याचा त्रास असा आपल्यालाच होतो. कोणी रागावलं तर रागावू द्या.

पायांवरच्या सुजेचंही तिथंच सांगा. अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते. त्यामुळं थोडं पाणी नसांतून बाहेर झिरपतं आणि दिवसभर उभं राहून घोट्यांपाशी साचतं. संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. याचा अर्थ मूत्रपिंड बिघडलं असा नाही. डोस कमी केला, किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखी गोळी दिली, तर सूज बरीच उतरते. नाहीच जमलं तर गोळी पूर्ण बदलता येते, बीपीच्या औषधांचे चार-पाच वेगवेगळे गट आहेत. लघवी जास्त होण्याची गोळी या सुजेवर फारशी चालत नाही, म्हणून कोणाच्या सांगण्यावरून ती आणून घेऊ नका. आणि सूज गोळी बंद असतानाही राहिली, एकाच पायावर आली, किंवा चालताना दम लागू लागला, तर कारण दुसरंच असू शकतं. तेव्हा थांबू नका.

तिथं गेलात की रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीची तपासणी आणि एक ईसीजी एवढं झालंय का ते विचारा. दीड वर्षात झालं नसेल तर करून घ्या. गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. कधी साठा संपला तर जन औषधी केंद्रात त्याच औषधाची गोळी स्वस्तात मिळते. नाव वेगळं दिसलं तरी आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच असल्याची खात्री तिथल्या फार्मासिस्टकडून करून घ्या.

आता मशीन. मुलानं चांगलं केलं. १५०, १३८, १६१ यांतला खरा कुठला, तर तिन्ही खरे असू शकतात. बीपी मिनिटामिनिटाला हलतो. आपल्याला हवी असते सरासरी, आणि ती नीट बसून घेतलेल्या आकड्यांचीच काढायची असते. तुमच्या घरातलं दृश्य मला इथून दिसतंय. संध्याकाळी दिवा लावून झालाय, तुम्ही सोप्यावर पाय खाली सोडून टेकल्या आहात, मुलगा साडीच्या ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतोय, सासूबाई विचारताहेत 'किती आलं गो?', आणि तुम्ही त्यांना उत्तर देता देता यंत्र फुगतंय. यातल्या एकेका गोष्टीनं आकडा पाच-दहा अंकांनी वर जातो. बोललात तर वाढतो, पाठीला आधार नसला तर वाढतो, पायावर पाय असला तर वाढतो, हात लोंबकळत असला तर वाढतो, लघवीला लागलेली असताना मोजला तर वाढतो.

तर असं करा. पाठ असलेल्या खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. हात टेबलावर, खाली उशी घेऊन, पट्टा छातीच्या पातळीला येईल असा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पायऱ्या चढणं नको, मशेरी किंवा तंबाखू नको (ती तर कधीच नको). पाच मिनिटं गप्प बसा, टीव्हीही बंद. मग मोजा, एक-दोन मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा. सकाळी चहा आणि गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा, मुलगा काढून देईल. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेला धरतात. दवाखान्यातली रेघ १४०/९० ची आहे. तिथं माणूस जरा बिचकलेला असतो म्हणून हा फरक. गोळी चालू झाल्यावर घरची सरासरी या रेषेच्या खाली राहायला हवी. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमीचं लक्ष्य दिलं तर ते पाळा.

यंत्र दंडाचं आहे ना? मनगटाचं असेल तर त्यावर फार विसंबू नका. पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा हवा. बहुतेक पट्ट्यांवर सेंटिमीटरमध्ये माप छापलेलं असतं, शिवणकामाच्या टेपनं दंड मोजून बघा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा उगाच वर जातो. एकदा ते यंत्र आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि तिथल्या यंत्राशी ताडून बघा. आणि दोन्ही हातांवर एकदा मोजून जो हात जास्त दाखवतो तोच पुढं कायम वापरा.

रात्रीचा १६१ कसा आला असेल, सांगू? झोप येत नव्हती, मनात आलं बघूया किती आहे, तो १५५ आला, घाबरून पुन्हा लावलं, १६१. असं घाबऱ्याघुबऱ्या पुन्हा पुन्हा मोजत बसलं तर आकडा चढतच जातो. सात दिवसांची वही झाली की पुढं आठवड्यातून एक-दोन दिवस पुरे. डॉक्टरांनी गोळी बदलली तरच पुन्हा सात दिवस.

टेन्शनबद्दल. तुमच्या भागानं काय भोगलं ते मला ठाऊक आहे. २०१२ मध्ये एकदा खाणी थांबल्या, मग कुठं सुरू होतात तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केली आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. ट्रकचे हप्ते, मुलाचं शिक्षण, दारात उभा असलेला ट्रक रोज डोळ्यांसमोर. त्या काळजीनं बीपी वाढत नाही असं मी म्हणणार नाही. काळजीत झोप तुटते, खाण्याचे ताळतंत्र सुटतात, औषधपाणी मागं पडतं, आणि त्या त्या वेळी आकडाही उसळतो. पण पन्नाशीतल्या बाईच्या बीपीमागं बाकीचीही बरीच कारणं असतात: वय, पाळी गेल्यावर होणारे बदल, आई-वडिलांकडून आलेली प्रवृत्ती, वाढलेलं वजन, जेवणातलं मीठ. काळजी मिटली की बीपी आपोआप उतरेल अशी वाट बघत बसलात तर वर्षं निघून जातील. उद्या ट्रक पुन्हा फिरू लागला तरी बीपी तपासल्याशिवाय गेला असं समजू नका. काळजी आहे म्हणून तर गोळी आणखी नेमानं घ्यायला हवी, कारण या घराला आता आणखी एक आजारपण परवडणारं नाही. झोपेकडं मात्र लक्ष द्या. तुम्ही मोठ्यानं घोरत असाल, घोरता घोरता श्वास अडकतो असं कोणी सांगितलं असेल, सकाळी उठल्यावरही थकवा असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेतल्या अशा श्वासबंदीनं बीपी गोळ्यांना दाद देत नाही.

आता जेवण. ताई, पेज सोडायची काही गरज नाही. उकड्या तांदळाच्या पेजेत स्वतःचं मीठ जवळपास नसतंच. मीठ येतं तोंडी लावण्यातून. सकाळी दहा-अकराच्या पेजेबरोबर तुमच्या ताटात काय असतं ते मनाशी आठवा: भाजलेला खारा बांगडा, नाहीतर सुक्या सुंगटांचं किसमूर, बरणीतलं मिठाच्या पाण्यातलं तोर (कोवळी कैरी), लोणच्याची फोड, आणि पेजेतही चिमूटभर वरून. खारवलेल्या बांगड्यात वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त मीठ सहज असतं. लोणच्याचा एक चमचा म्हणजे एक ग्रॅमच्या आसपास मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही भाजी, आमटी, पाव, पापड सगळं धरून. पेजेच्या एका बैठकीतच त्यातलं निम्मं-अधिक संपतं.

घरातलं मीठ मोजायचा एक सोपा मार्ग आहे. तुम्ही चौघं. चौघांचं महिन्याचं ५ ग्रॅमनं होतं ६०० ग्रॅम. मिठाचं किलोचं पाकीट फोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहा. खरं तर ते पन्नास दिवस पुरायला हवं. पंचवीस दिवसांत संपलं तर घरात दुप्पट मीठ जातंय, आणि त्यात खाऱ्याचं, बाजारच्या लोणच्याचं, पावाचं, फरसाणाचं मीठ अजून धरलेलंच नाही.

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या खाऱ्याची, बरणी फेकून द्या असं कोणी सांगितलं तरी तुम्ही फेकणार नाही, आणि मी तसं सांगतही नाही. पावसात मासळी नसते तेव्हा ते खारें घराला आधार असतं. पण रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा करा. करण्याआधी बांगडा तासभर पाण्यात भिजवा, दोनदा पाणी बदला, मग भाजा किंवा शिजवा. बरंच मीठ पाण्याबरोबर जातं. वरून मीठ घालू नका. तोर खाल्लं त्या दिवशी लोणचं नको. ताजी मासळी मिळते त्या दिवसांत ताज्या बांगड्याचं किंवा तारल्याचं हुमण पोटभर खा. त्यात सोलं जरा जास्त टाका, तिरफळं टाका, आलं-मिरची टाका. आंबट आणि तिखटाच्या आड मीठ कमी असलेलं फारसं जाणवत नाही. तरी पहिले दोन-तीन आठवडे खटकेल, पुढं जिभेला सवय होते. मग दुसऱ्याच्या घरचं खारट लागायला लागतं. भातात मीठ टाकायची पद्धत असेल तर ती आजपासून बंद. सोलांच्या कढीत मीठ अर्धं करा. पेजेबरोबर मुगागाठी, वालाची भाजी, तांबडी भाजी, भाजलेलं वांगं, नुसती ओल्या खोबऱ्याची चटणी, असलं काहीही चालेल.

आगरातलं मीठ कमी बाधतं, सैंधव तर औषधीच, असं तुम्हाला कोणीतरी सांगणार. पेडण्याच्या आगरांतलं जाडं मीठ असो की पाकिटातलं बारीक, की गुलाबी सैंधव, सगळ्यांत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं आणि बीपी वाढवतं ते सोडियम. जाड्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं, तो तोटा वेगळाच. दुकानात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. बीपीसाठी ते खरोखर चांगलं. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. सासूबाईही त्याच ताटात जेवतात हे लक्षात ठेवा.

लसूण खा, शेवग्याच्या पाल्याची भाजी करा, दोन्ही उत्तम अन्न आहेत. गोळीच्या जागी मात्र ती चालत नाहीत. कोणी गोळी सोडून अमुक काढा घ्या म्हटलं तर त्यांना विचारा, घेण्याआधीचे आणि नंतरचे सात दिवसांचे आकडे दाखवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण मला विचारायची आहे. मान धरते तेव्हा मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणता का? डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या वरचेवर घेतल्या की शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्याही बीपी वर नेतात. गॅस झाला म्हणून पाण्यात फसफसणारी पूड पिण्याची सवय असेल तर तिच्यातही सोडियम भरपूर असतं. मानेला शेक घ्या, अधूनमधून पॅरासिटामॉल घेतलीत तर चालेल, आणि दुकानदाराला प्रत्येक वेळी आधी सांगा की मला बीपी आहे.

चालायचं. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. त्यानं वरचा आकडा चार-पाच अंकांनी उतरू शकतो. वजन जास्त असेल तर उतरलेल्या दर किलोमागं साधारण एक अंक धरा. पावसात रस्त्यावर चालवत नसेल तर देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारा. यावर अधिक लिहीत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

हे मात्र घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. यंत्रावर वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढं गेला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पण जोडीला छातीत दुखणं, धाप, एकाएकी दिसेनासं होणं, भयंकर डोकेदुखी, बरळणं असेल तर एक मिनिट न दवडता १०८ ला फोन. आणि तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात उचलेना, बोलणं जड झालं, तर आकडा बघतही बसू नका. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. डिचोलीहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचायला, तिथं डोक्याचा स्कॅन व्हायला वेळ लागतो. लक्षणं सुरू झाली ती वेळ कागदावर लिहून बरोबर द्या. सकाळपर्यंत वाट बघू नका, तेल लावून चोळत बसू नका, आणि बीपी पटकन उतरावा म्हणून कसलीही गोळी जिभेखाली ठेवू नका. बीपी असा झपकन पाडला की मेंदूला मिळणारं उरलंसुरलं रक्तही कमी होतं. काहीजण अजून हा उपाय सांगतात, त्यांचं ऐकू नका.

चतुर्थीला तुम्ही मूळ घरी जात असाल. तिथं गर्दीत, भजनाच्या जागरणात, गोळी पहिली विसरते. सुट्ट्यांत ओपीडी बंद असते, म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या आधीच आणून ठेवा आणि पाकीट हातातल्या पर्समध्ये ठेवा, कपड्यांच्या बॅगेत नको. तयेच्या (हरतालिकेच्या) उपासाला गोळी पाण्याबरोबर घ्यायची. निर्जळी करू नका, विशेषतः लघवी होण्याचं औषध चालू झालं असेल तर. एखाद्या दिवशी गोळी राहिली आणि दुपारी आठवली तर तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशीच आठवलं तर नेहमीची एकच घ्या, दोन एकदम नकोत. खतखतं मनसोक्त खा, त्यात भाज्याच भाज्या असतात. दोन नेवऱ्या खाल्ल्यात तरी बीपी त्यानं लगेच चढणार नाही, साखर तपासून झालेली असू द्या म्हणजे झालं. पापड, फरसाण आणि लोणचं या तिघांना पानात जागा देऊ नका.

शेवटचं मिस्टरांबद्दल. एवढ्या मोठ्या पत्रात त्यांच्या बीपीचा आकडा कुठंच नाही. वर्षानुवर्षं ट्रक चालवला, मग काम गेलं, काळजी तुमच्याइतकीच त्यांच्याही डोक्यात, जेवण त्याच पातेल्यातलं. शिबिरात बायका जातात, पुरुष बाहेर उभे राहतात, हे दर वेळी दिसतं. ते संध्याकाळी घेत असतील तर तेही बीपी वाढवतंच, फेणी असो की आणखी काही. वाद घालू नका, तुमचं मोजून झालं की पट्टा त्यांच्या दंडाला लावा. सासूबाईंचा बसून एकदा आणि उभं राहिल्यावर मिनिटाभरानं एकदा घ्या. त्यांच्या वयात उभं राहिल्यावर आकडा वीसनं पडत असेल तर ते डॉक्टरांना कळायला हवं. मुलाचाही बघा, तरुण आहे म्हणून सोडू नका. वहीत चौघांची चार पानं करा, आणि आरोग्य केंद्रात जाल तेव्हा ती वही घेऊन जा.